पोत्यातून आलेले निरोप

लग्न होऊन मी दौंडला आले तेव्हा करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. माझं माहेर रत्नागिरीच्या बाजूचं. आमच्याकडे भात, कुळीथ, मासळी, फणस. आणि पावसाळ्याची बेगमी म्हणजे आमसुलं आणि सुकट. नवरा रेल्वेत गार्ड होता. लाल विटांच्या क्वार्टर्सच्या एका रांगेत आम्हाला दोन खोल्या, पुढे व्हरांडा आणि मागे फरशीचं अंगण मिळालं होतं. तो गाडी घेऊन गेला की दोन-दोन दिवस परतत नसे. ही नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. शेजारी सोलापूरकडच्या एक वहिनी राहायच्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. दिवसभर बोलायला माणूस म्हणजे त्याच.

वहिनींबरोबर मी पहिल्यांदा आठवडी बाजाराला गेले, तेव्हा बाजाराच्या अगदी कडेला एक म्हातारे गृहस्थ पोतं अंथरून बसलेले दिसले. पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी, पायात टायरच्या चपला. त्यांच्यापुढे सात-आठ छोटे ढीग होते, आणि कुठलाच ढीग दोन-तीन किलोंच्या वर नव्हता. बाजार उठायला आला होता, तरी त्यांचं निम्मं तसंच पडून होतं. एका ढिगाकडे बोट दाखवून मी विचारलं, "ही कसली पालेभाजी?"

"करडई."

"कशी करतात?"

"त्ये मला काय इचारता ताई? मी लावतो. करती घरातली."

वहिनी हसल्या आणि तिथंच उकिडव्या बसल्या. बोलता बोलता कळलं की चाचांची इनामगावला घोडनदीच्या कडेला दोन एकर जमीन आहे. सगळे त्यांना चाचाच म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. पिढ्यान् पिढ्या तिथलंच त्यांचं घर. व्यापारी त्यांचा माल घेत नसे.

"त्यो म्हनतो, एकच काय त्ये लाव आन् गाडी भरून आन," चाचा म्हणाले. "आन् त्ये एकच पडलं तर आमी खायाचं काय? म्हून मी थोडं थोडं समदंच लावतो. मंग बाजारात हे असं हुतं."

वहिनींनीच मग तोडगा काढला. दर आठवड्याला रानात जे निघेल त्यातला वाटा चाचांनी थेट आमच्या दारात आणायचा, आणि आम्ही दोघींनी तो निम्मानिम्मा घ्यायचा. दर महिन्याला ठरावीक रक्कम. चाचांनी बराच वेळ दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "माझं एक ऐका. निवडायचं न्हाई. येईल त्ये घ्यायचं. कवा जास्त येईल, कवा कमी येईल."

आम्ही हो म्हणालो. रकमेची गोष्ट त्या दिवशी झाली ती झाली, पुन्हा कधी निघाली नाही.

पुढच्या आठवड्यापासून पोतं यायला लागलं. इनामगावाकडून दुधाचा टेम्पो रोज सकाळ-संध्याकाळ दौंडला यायचा. बाजाराच्या दिवशी चाचा त्यात पुढे बसून यायचे. व्हरांड्यात पोतं उभं करायचे, सुतळी सोडायचे आणि पायरीवर बसून चहा प्यायचे. पोत्यात वर पालेभाजी असायची, खाली शेंगा, तळाला वांगी किंवा दुधी. वरून हात घालत जायचं आणि काय लागतंय ते बघायचं, याची मला मौज वाटायची. पहिले दोन आठवडे मी नवऱ्याला जेवणाच्या ताटावर प्रत्येक भाजीचं नाव सांगत होते.

मग गवार आली. पहिल्या आठवड्यात दोन किलो, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात चार. आम्ही घरात दोन माणसं, त्यातला एक अर्धा आठवडा बाहेर. चौथ्या आठवड्यात गवारीबरोबर वांगी आली, आणि गवारीच्या नादात ती वांगी माझ्या लक्षातच राहिली नाहीत. टोपलीच्या तळाशी ती मऊ पडली, पाणी सुटलं. मागच्या दारी कचऱ्यात टाकताना मला फार वाईट वाटलं. कुणी तरी ती तोडली होती, एकेक पुसून पोत्यात घातली होती. बाजाराच्या दिवशी मी चाचांना खरं सांगून टाकलं. म्हटलं, "चाचा, एवढं आम्हाला संपत नाही. वाया जातं. थोडं कमी आणत जा."

त्यांनी सुतळी गुंडाळून खिशात घातली. चहा पिऊन गेले. मला वाटलं, रागावले. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी सुतळी सोडायच्या आधीच खिशातून चिंधीची एक पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली.

"घरातलीनं दिलंय. म्हनली, कमी कशापायी? वाळीव म्हनावं तिला."

पुरचुंडीत वाळलेल्या गवारीचे आठ-दहा तुकडे होते आणि वांग्याच्या चार काचऱ्या, कागदासारख्या पातळ.

"हे कसं करायचं?"

चाचा आठवू लागले. "वांगं कापायचं. मीठ लावायचं. उन्हात टाकायचं." थांबले. "आन् गवारीला... गवारीला बी काय तरी सांगितलंय. पुढच्या टायमाला इचारून येतो."

चाचींचा आणि माझा संबंध सुरू झाला तो असा. त्या कधी दौंडला आल्या नाहीत आणि मी इनामगावला गेले नव्हते. दोघींच्या मध्ये फक्त चाचा. आठवडाभरात मी काय केलं आणि काय बिघडलं ते मी त्यांच्याजवळ सांगायची. पुढच्या आठवड्यात ते चाचींचं उत्तर आणायचे. चिठ्ठी पाठवायची सोय नव्हती, कारण चाचींना वाचता येत नव्हतं आणि चाचांना सहीपुरतंच. सगळी भिस्त त्यांच्या आठवणीवर, आणि ती आठवण बियाणं, पाणी, विजेची वेळ यांच्यासाठी पक्की होती, स्वयंपाकासाठी नव्हती.

थंडीत मेथी आली तेव्हा निरोप आला, "निवडायची, धुवायची, उन्हात टाकायची." मी धुतली, अंगणातल्या कडक उन्हात चादरीवर पसरली. दोन दिवसांत ती काळीपांढरी झाली, चोळल्यावर तिला गवताचा वास येत होता. चाचांना दाखवली. त्यांनी बोटात धरून बघितली आणि ते एकदम ओशाळले.

"सावलीत सांगितली व्हती वाटतं तिनं," ते म्हणाले.

पुढच्या खेपेला चाचींनी आपलीच वाळवलेली मेथी मूठभर पाठवली. हिरवीगार, डबा उघडल्याबरोबर घरभर वास सुटेल अशी. आणि निरोप होता, "ह्यांच्यावर इस्वास ठिवू नको."

चाचांनी हा निरोप मात्र शब्द न शब्द सांगितला.

तेव्हापासून चाचींनी युक्ती काढली. दर वेळी त्या नमुना पाठवायच्या. त्या आठवड्याच्या पोत्यात जे जास्त असेल, ते वाळल्यावर कसं दिसतं, हाताला कसं लागतं, हे कळावं म्हणून चिंधीत थोडंसं बांधून. मी माझं वाळवण झालं की त्याच चिंधीत माझा नमुना परत पाठवायची. मग निकाल यायचा. "भेंडी बरी जमली." "काचऱ्या जाड झाल्या, अजून बारीक काप." "गवारीला अजून दोन उनं दे, मोडताना आवाज येत न्हाई." मला आवाजाचं काही कळेना. मी तुकडा कानाशी धरून मोडून पाहिला. नीट वाळलेला असेल तर खरंच बारीकसा टणक आवाज यायचा, आणि ओल राहिली असेल तर तो नुसताच वाकायचा.

वहिनी याला हसायच्या, पण त्यांनीही शिकून घेतलं. मार्च-एप्रिलपर्यंत आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरात डब्यांच्या रांगा लागल्या. हरभऱ्याचा वाळलेला पाला, घेवड्याचे दाणे, टोमॅटोच्या फोडी, चिंचेचे गोळे, लिंबाचं लोणचं. कांदे आले ते पलंगाखाली वाळू पसरून तिच्यावर मांडले. नवरा रात्रपाळी करून आला की पलंगावर बसताना म्हणायचा, "माझ्या गार्डाच्या डब्यात यापेक्षा जास्त जागा असते." पण उन्हाळ्यात बाजारात भाजी महाग आणि सुकलेली, तेव्हा ताटात हरभऱ्याच्या पाल्याची भाजी आणि लसणाची फोडणी आली की तोच आधी वाटी पुढे करायचा.

सगळं फक्त घ्यायचंच, हे मला बरं वाटेना. मी माहेराहून आमसुलं आणली होती. त्यातली डबाभर चाचांजवळ दिली आणि सावकाश, दोनदा सांगितलं, "आमटीत घालायची. चिंचेऐवजी. चार-पाचच." पुढच्या आठवड्यात मी विचारलं, "कशी वाटली?"

चाचांनी चहाची बशी खाली ठेवली. "ती म्हनली, खारीक लई आंबट हाय तुमच्याकडची."

चाचींनी ती नुसतीच खाल्ली होती, एकेक करून, दोन दिवस. चाचांच्या डोक्यातून आमटी पुरती निघून गेली होती. मी हसून हसून खाली बसले. पुढे मी सुकट पाठवली तेव्हा मात्र चाचींना कुणी काही सांगायची गरज पडली नाही. वांग्याच्या काचऱ्यांत सुकट घालून त्यांनी कालवण केलं आणि थोडं पितळी डब्यात घालून मलाच पाठवलं. कोकणातली सुकट आणि घोडकाठचं वांगं एकाच डब्यात. मी अंगणात बसून ते भाकरीबरोबर खाल्लं आणि त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मला माहेरी असल्यासारखं वाटलं.

रमजान त्या वर्षांत थंडीत यायचा. पहिल्या वर्षी माझ्या लक्षात आलं नाही, मी नेहमीसारखा चहा पुढे ठेवला. चाचा म्हणाले, "आज न्हाई ताई, रोजा हाय." मी चटकन कप उचलला आणि माफी मागितली. ते म्हणाले, "त्यात काय. बसू द्या म्हंजी झालं." आणि पायरीवर नेहमीएवढाच वेळ बसून राहिले.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात माझं पाचव्या महिन्यात बाळ गेलं.

त्याबद्दल फार लिहिणार नाही. चार दिवस दवाखान्यात होते. नवऱ्याने रजा काढली, ती संपली, त्याला जावं लागलं. सासूबाई येऊन गेल्या. त्यानंतरचे दिवस मी आतल्या खोलीत पडून काढले. बाजाराच्या दिवशी पोतं आलं तेव्हा मी दार उघडलं नाही. वहिनींनी उतरवून घेतलं, माझा वाटा स्वतःच्या घरात ठेवला. वहिनींनी चाचांना काय सांगितलं ते मला भिंतीपलीकडून पुसट ऐकू आलं. मग टेम्पो जाताना ऐकू आला.

पुढच्या आठवड्यात दारावर थाप पडली. मी उठले नाही. पुन्हा थाप पडली, हळूच. वहिनी असतील म्हणून मी दार उघडलं, तर चाचा उभे होते. त्यांच्या हातात पोतं नव्हतं, एक पिशवी होती. खाली बघत ते म्हणाले, "निरोप हाय. आत येत न्हाई. हितंच सांगतो."

मी चौकट धरून उभी राहिले.

"ती म्हनली, आमचं बी दोन गेलं. एक पोटात, एक सव्वा महिन्याचं. मंग झालंच न्हाई. ती म्हनली, तवा मी जेवत नव्हते, तर सासूनं मला बसवून भरवलं. तुला कोन हाय तिथं? ह्या पिशवीत बाजरीचं पीठ हाय, तीळ हायेत, गूळ हाय. रोज एक भाकर कर. करवलं न्हाई तर शेजारनीला सांग. पर जेव." ते थांबले, कपाळाला हात लावला, काही राहिलं का ते आठवत असावेत. "आन् म्हनली, रड, पर जेवून रड."

एवढा लांब निरोप, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यातला एक शब्दही त्यांनी गाळला नव्हता. सगळ्या वाटेत ते मनाशी म्हणत आले असतील. निरोप सांगून झाल्यावर त्यांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली आणि पहिल्यांदाच मला ताई म्हटलं नाही. "येतो पोरी," म्हणाले.

त्या दिवशी मी भाकरी केली. नीट झाली नाही, फुटली. पण मी ती गुळाबरोबर खाल्ली, आणि जसं सांगितलं होतं तसंच नंतर रडले.

त्यानंतर साधारण दीड वर्षाने, दिवाळी होऊन गेल्यावर, सलग दोन आठवडे चाचा आले नाहीत. टेम्पोवाल्याकडे विचारलं तर कळलं, विहिरीच्या काठावर पाय घसरून पडले आणि उजवा हात मोडला. शिरूरला नेऊन प्लास्टर घातलंय. मी वहिनींना म्हटलं, "मी जाते बघायला." नवरा घरीच होता, तो म्हणाला, जा. टेम्पो दूध पोचवून दहाला परत निघायचा, त्याच्याच पुढच्या सीटवर बसून मी गेले.

इतकी वर्षं मी चाचींचं एक रूप मनात धरलं होतं. उंच, जाडजूड, खणखणीत आवाजाची बाई, दिवसभर गच्चीवर वाळवण उलथत फिरणारी. घर सापडलं. दोन खोल्या, वर सपाट माळवद, अंगणात कडुलिंब. कडुलिंबाखाली गोणपाटावर एक बारीकशी बाई बसली होती, पाय पुढे पसरलेले, मांडीवर सूप. सुपात घेवड्याच्या शेंगा होत्या. तिने मान वर केली.

"तूच व्हय ती?" ती म्हणाली.

"हो."

"लई बारीक हायेस. मला वाटलं जाड असशील. इतकं पोतं खाती म्हनल्यावर."

मी तिच्याजवळ खाली बसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिने मला बघून उठायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता. तिचे पाय गुडघ्याखाली वाळल्यासारखे बारीक होते. लग्नानंतर काही वर्षांनी बैलगाडी उलटली आणि कमरेवर चाक गेलं, तेव्हापासून ती चालली नव्हती. घरात हातांवर सरकत जायची. बाहेर चाचा उचलून आणायचे. बाजार, गावची जत्रा, हे सगळं तिच्यासाठी तीस वर्षांपूर्वीच संपलं होतं. चाचांनी हे मला कधीच सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं आणि त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नसेल.

"माळवदावर मला चढता येत न्हाई," ती म्हणाली. "हे वर पसरत्यात, हेच खाली आनत्यात. मी हितं बसून मोडून बघती. नुसत्या डोळ्याला काय कळतं? वरनं वाळल्यालं दिसतं आन् आत वलं असतं."

मग माझ्या इतक्या दिवसांच्या नमुन्यांचे निकाल कसे लागत होते ते मला कळलं.

चाचा आत बाजेवर होते. हात गळ्यात अडकवलेला, चेहरा उतरलेला. दुखणं हाताचं नव्हतं. रानात घेवडा भरून आला होता, टोमॅटो लाल झाले होते, गवार जून व्हायला लागली होती, आणि तोडायला माणूस नव्हतं. शेजारचे लोक उसाच्या तोडणीत अडकले होते. ते म्हणाले, "दोन आठवडे तुमचा वाटा बुडाला. लाज वाटती मला."

मी म्हटलं, "चाचा, रान कुठं आहे ते सांगा."

त्या दिवशी मी साडी खोचून एकटीच तोडायला गेले. मला सराव नव्हता. दोन तासांत कंबर धरली आणि टोपली निम्मीच भरली. चाचा बांधावर उभे राहून डाव्या हाताने दाखवत होते, ही घे, ती राहू दे, ती बियाला ठेवलीय. दुपारी मी माळवदावर चढून चाचींच्या चादरी पसरल्या. त्या खालून सांगत होत्या आणि मी वरून विचारत होते. तीन वर्षांत पहिल्यांदाच आमच्या बोलण्याच्या मध्ये कुणी नव्हतं.

"दाट झालं का?"

"थोडं."

"मंग सोड जरा. हवा लागू दे. फडकं कुठलं घातलंयस?"

"निळं."

"निळं रंग सोडतंय. पांढरं घे, कोनाड्यात हाय."

संध्याकाळच्या दुधाबरोबर टेम्पो निघाला तेव्हा मी अर्धं पोतं भरून दौंडला आले. वहिनींच्या दारात उतरवताना म्हटलं, "या आठवड्याचा वाटा. उद्या परत जायचंय, येता का?"

वहिनी आल्या. पुढे त्यांनी क्वार्टर्समधल्या आणखी तिघींना आणलं. प्लास्टर निघेपर्यंत, जवळजवळ दीड महिना, आठवड्यातून दोनदा आम्ही चार-पाच बायका टेम्पोत दाटीवाटीने बसून इनामगावला जायचो. कुणी तोडायचं, कुणी निवडायचं, कुणी माळवदावर. चाचींच्या अंगणात इतक्या बायका कधी एकत्र आल्या नव्हत्या. त्या गोणपाटावर बसून सगळ्यांना कामं वाटायच्या आणि चुकलं की बोलायच्या. वहिनींना एकदा ऐकावं लागलं की सोलापूरच्या माणसाला शेंगा सोलायला येऊ नयेत, नवल आहे. वहिनी मुकाट्याने नीट सोलायला लागल्या. दुपारी सगळ्या मिळून जेवायचो. आम्ही डबे न्यायचो, चाची बसल्या जागी चुलीवर भाकऱ्या करायच्या. एक बाई पहिल्या दिवशी त्यांच्या घरचं पाणी प्यायला कचरली. ते चाचींच्या लक्षात आलं. त्यांनी तांब्या तिच्याजवळ ठेवून दिला. दोन तास उन्हात तोडणी झाल्यावर बाईने स्वतःच तांब्या उचलला. तिसऱ्या खेपेला ती चाचींच्या ताटातलं कालवण मागून खात होती.

त्या हंगामात काहीही वाया गेलं नाही. आणि वाटा घेणाऱ्या आम्ही दोघींच्या पाच जणी झालो. चाचा पुन्हा यायला लागले तेव्हा त्यांना एकाऐवजी तीन पोती आणावी लागायची. टेम्पोवाला कुरकुर करायचा.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. निरोप आला, "डिंक पाठवलाय, तुपात तळून घे, आन् ह्यांना काय सांगितलंय त्ये इचारू नको, मी डिंकाबरोबर तळल्याला नमुना दिलाय." मुलगी सव्वा महिन्याची झाल्यावर मी तिला घेऊन इनामगावला गेले. चाचींनी तिला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ कुणाकडे दिलं नाही. मी ती मागितलीही नाही.

मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा नवऱ्याची मिरजेला बदली झाली. सामान बांधायला घेतलं. डबे, बरण्या, कांद्याच्या पिशव्या यांनी एक खोली भरली. चाचांना सांगितलं तेव्हा ते फक्त "बरं" म्हणाले आणि चहा अर्धा ठेवून गेले. पुढच्या बाजाराच्या दिवशी टेम्पो व्हरांड्यापर्यंत आला. चाचा उतरले, पण पोतं काढायला मागे गेले नाहीत. पुढचं दार उघडून त्यांनी दोन्ही हातांनी चाचींना उचलून घेतलं आणि माझ्या पायरीवर आणून बसवलं. चाचींनी नवीन हिरवं लुगडं नेसलं होतं आणि डोक्यावरचा पदर घट्ट धरून ठेवला होता.

"म्हनली, मला न्या," चाचा म्हणाले. "आता काय बोलता तिला."

चाचींनी माझं सगळं घर पाहिलं. मी त्यांना खोल्याखोल्यांतून कडेवर नेल्यासारखं नेलं. त्यांचं वजन काहीच नव्हतं. त्यांनी डबे उघडून वास घेतला. एका डब्यातली मेथी बोटावर घेऊन चोळली आणि मान हलवली. जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमची आगगाडी मला दाव."

त्यांनी रेल्वे कधी पाहिली नव्हती. रात्री वारा इकडून असला की घोडकाठी शिट्टी ऐकू यायची, एवढंच.

माझ्या नवऱ्याने ऑफिसातली लाकडी खुर्ची काढली, दोन हमालांना सांगितलं. त्यांनी चाचींना खुर्चीसकट उचलून फलाटावर नेलं आणि लोखंडी खांबाच्या सावलीत ठेवलं. चाचा खुर्चीच्या पाठीला हात धरून उभे राहिले. माझी मुलगी चाचींच्या गुडघ्यावर बसली. सोलापूरकडे जाणारी गाडी आली, थांबली. लोक उतरले, चढले. चहावाले ओरडत गेले. एका डब्याच्या खिडकीत एक बाई बाळाला जेवू घालत होती, चाची तिच्याकडे एकटक पाहत होत्या. माझा नवरा हिरवा झेंडा घेऊन शेवटच्या डब्याजवळ उभा होता. दौंडहून त्याची ती जवळजवळ शेवटचीच ड्युटी. त्याने झेंडा दाखवला, शिट्टी झाली, गाडी हलली. जाताना त्याने दाराच्या दांडीला धरून चाचींना हात केला. चाचींनी मुलीचा हात धरून हलवला.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर फलाट रिकामा झाला. मला वाटलं आता निघू या म्हणतील. पण त्या बसूनच राहिल्या.

"दुसरी कवा हाय?" त्यांनी विचारलं.

"पाऊण तासाने. पुण्याकडे जाणारी."

"मंग बसू," त्या म्हणाल्या, आणि चाचांना चहा आणायला पाठवलं.